पाहुणे जाईपर्यंत

खालची हौसाबाई गेली हे मला कळलं तेव्हा मी स्टुलावर उभा राहून दाराला तोरण लावत होतो. तोरण प्लास्टिकचंच, गणपतीतलं, पण बायको, मंदाकिनी, म्हणाली लावा, पोरीला बघायला येतायत, दार बोडकं दिसू नये. सुदेश जिन्यानं वर आला. सुदेश म्हणजे आमच्या बिल्डिंगीचा सेक्रेटरी, हे स्थळ त्यानंच आणलेलं. आला आणि त्यानं माझं स्टूल धरलं. तिथंच मला चुकचुकल्यासारखं झालं, कारण एवढ्या वर्षांत सुदेशनं माझ्या कुठल्या वस्तूला आपणहून हात लावलेला मला आठवत नाही. वरनं बघितलं तर त्याच्या टकलावर घाम. म्हणाला, "काका, आधी खाली उतरा. आणि आवाज करू नका." मी म्हटलं, "अरे, काय झालं ते बोल की." तर बारीक आवाजात, जसं काय शेजारी कुणाचं बाळ झोपलंय, म्हणाला, "हौसाआजी गेली. सकाळीच. चहात खारी बुडवत होती, तशीच भिंतीला टेकली. कोपऱ्यावरचा डॉक्टर येऊन बघून गेला."

माझा एक पाय तोपर्यंत चपलेत गेलेला. माझं हे असंच आहे, बातमी कानावर पडली की डोक्याच्या आधी पाय निघतो. इथं डोंबिवलीच्या कोपरला आमच्या गल्लीत कुणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला आणि दुसरा मला. तिरडी बांधायची, मडकं आणायचं, सवाष्ण असेल तर साडी कुठली ते घरच्यांना विचारायचं, खांदा देणारे उंचीला उंची बघून उभे करायचे, सगळं माझ्याकडं. का माझ्याकडं, ते मलाही सांगता येत नाही. संगमेश्वराकडं आमच्या गावात हे कुणा एकाचं काम नव्हतं. माणूस गेला की अख्खी वाडी यायची, एक जण कोयता घेऊन बांबूच्या बेटात शिरायचा, दुसरा सुंभ सोडवत बसायचा, आणि आम्ही पोरं बघून बघून शिकायचो. शाळेत शिकलेलं सगळं मी विसरलो, हे राहिलं. मग इकडं आलो, एमआयडीसीत कापड रंगवायच्या कंपनीत लागलो, आणि पहिल्याच वर्षी शेजारचे एक मास्तर गेले, तर सगळी बिऱ्हाडं नुसती एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी. कुणाला गाठ माहीत नाही. मी पुढं झालो, बांधली. झालं. तिथनं ते माझ्या नावावर चढलं ते चढलंच.

"तोंड बांधलं का तिचं?" मी सुदेशला विचारलं.

"ते तुम्हीच करता ना, काका."

"मग चल."

"तेच सांगायला आलोय. आत्ता नका येऊ." त्यानं माझा दंड धरला. "पाहुणे माणकोलीचा पूल उतरलेत, फोन आलेला. दोन वेळा मोडलंय संचिताचं. आता तिसऱ्यांदा नको. ते येऊदेत, पोहे खाऊदेत, पोरगी बघूदेत, जाऊदेत. मग करू ना आपण सगळं व्यवस्थित. मी खाली सांगितलंय सगळ्यांना. कोण रडणार नाही."

"कोण रडणार नाही म्हणजे?"

"म्हणजे पाहुणे जाईपर्यंत. उत्तमला विचारलं मी, जबरदस्ती नाही केली. तो स्वतः म्हणाला, संचिताचं आहे ना, मग थांबू."

उत्तम म्हणजे हौसाबाईचा एकुलता एक. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो, बायको कधीच सोडून गेली, मायलेक दोघंच राहायचे तळमजल्यावर, जिन्याला लागून. मी काही बोलणार तेवढ्यात मंदाकिनी आतनं आली. तिच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं की हिला आधीच माहितीय. हातात कोथिंबीर. ती म्हणाली, "संचीला सांगू नका. रडून डोळे सुजवून बसेल." आणि परत आत गेली. मी चपलेतला पाय बाहेर काढला. हे मी कसं केलं, कुणाच्या सांगण्यावरनं केलं, मला आजही नीट सांगता येणार नाही. पाय काढला एवढं खरं.

पहिलं स्थळ कल्याणचं होतं. सगळं जुळलेलं, साखरपुड्याचा हॉल बघायला जाणार, तेवढ्यात मुलाच्या मामानं कुठनंतरी काढलं की मुलीचा बाप तिरड्या बांधतो. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं नाही. पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणाले. दुसरे बदलापूरचे, ते सरळ होते. मुलाची आई फोनवर मंदाकिनीला म्हणाली, अहो आमच्या घरात लग्नानंतर ह्यांचं येणंजाणं होणार, ते ह्या हातांनी अक्षता टाकणार, आम्हाला नाही हो पटत. ह्या हातांनी. मी त्या रात्री जेवताना हात बघत होतो, रंगाच्या कंपनीनं नखांच्या कडा काळ्या करून ठेवल्यात, त्या सोडल्या तर चारचौघांसारखे हात आहेत. संचिता माजिवड्याला दातांच्या डॉक्टरकडं रिसेप्शनला आहे, दिवसभर लोकांची ठणकणारी तोंडं बघून येते. ती तेव्हा म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी आधीच सांगा त्यांना. नंतर कळून जाण्यापेक्षा आलेच नाहीत तर बरं." पोरीनं एवढंच सांगितलेलं. आणि ह्या वेळी सुदेशनं मुलाकडच्यांना सांगितलं की गुणाजीकाका, म्हणजे मी, रिटायर आहेत आणि समाजकार्य करतात.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली सगळं नेहमीसारखं, आणि त्यामुळंच भयंकर. बिल्डिंगीत कुणी गेलं की दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो, त्यावरनं गल्लीला कळतं. तर ह्यांनी चपला घरात घेतलेल्या. हौसाबाईच्या दारासमोर एक चप्पल नाही, फरशी पुसल्यासारखी मोकळी. दार लावलेलं. आतनं टीव्हीचा आवाज, मोठा, कुठल्यातरी साबणाची जाहिरात. मला कळेना की हे लोक माझ्यासाठी एवढं करतायत त्याचं मी काय करू. हीच माणसं. सुदेशचा भाऊ नवी गाडी घेऊन आला तेव्हा मी पेढा घ्यायला पुढं झालो तर म्हणाला, "काका, पूजा होऊदे, मग या." दुसऱ्या मजल्यावरची ऐश्वर्या परीक्षेला निघाली की तिची आई आधी जिन्यात डोकावून बघायची, मी नाही ना. मी दिसलो तर पोरगी आत, दोन मिनिटं थांबून परत बाहेर. मी ते ओळखून स्वतःच मागं सरायचो, दाराआड उभा राहायचो, तिची पावलं उतरून गेली की मग निघायचो. गणपतीच्या मखराचे बांबू बांधायलासुद्धा मला कुणी बोलवलं नाही, आणि बांबू बांधणं तर मला येतं! त्यांचे आईबाप गेले तेव्हा मात्र रात्री-अपरात्री दार वाजवून, काका, काका, तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला. मी दर वेळी गेलो. रागानं गेलो, पण गेलो. आणि आज हीच माणसं माझ्या पोरीसाठी रडणं गिळून खाली बसलेली. मला त्यांचा राग येईना, आणि येईना म्हणून जास्तच तडफड व्हायला लागली.

गाडी आली. पांढरी, माणकोलीच्या रस्त्याची धूळ बसलेली. पूल झाल्यापासनं त्यांच्या ठाण्यातल्या बाळकुमहून डोंबिवली म्हणजे बसलं की आलं. उतरले तिघं. शिगवण म्हणजे मुलाचे वडील, बसवर कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांची बायको, जांभळी पैठणी. आणि मुलगा सूरज, कपाळावर केस, मोबाईल खिशात घालावा की हातात धरावा ह्या विचारात. सुदेश खाली पळत गेला, हसत हसत त्यांना हौसाबाईच्या दारावरनं वर घेऊन आला. मी वरनं बघत होतो, त्यांच्या पायांकडं. बाईंचा पदर त्या दाराच्या कडीला घासून गेला.

आत येऊन बसल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "किती शांत आहे हो तुमची बिल्डिंग! आमच्याकडं टॉवर आहे, पण वरचे दिवसभर खुर्च्या ओढतात. डोकं उठतं."

सुदेश म्हणाला, "आमच्याकडं सगळी समजूतदार माणसं आहेत, वहिनी."

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

पोहे आले. आता हे कसं सांगू. आमच्यात, आमच्यात कशाला, सगळ्यांतच, मढं घरात असेपर्यंत आसपासच्या घरांत चूल पेटत नाही. लहान पोरं असतील तर लांबच्या नातेवाइकांकडनं डबा येतो, पण गॅसला काडी लावत नाहीत. मी स्वतः किती घरांना सांगितलंय, आजी, गॅस बंद करा. आणि माझ्याच घरात मोहरी तडतडलेली, खोबरं पेरलेलं, आत चहाला उकळी येतेय. मी एक घास घेतला. तो तोंडात फुगायला लागला. गिळेना. शिगवणबाई चांगल्या खात होत्या, लिंबू पिळून, आणि त्यांचं तोंड हलताना बघून मला भलतंच सुचायला लागलं. माणूस गेला की पहिला जबडा धरावा लागतो. बाकी हातपाय नंतर आखडतात, जबडा आधी. लगेच फडकं बांधलं तर तोंड मिटलेलं राहतं, झोपल्यासारखं. उशीर झाला की राहतं ते तसंच, आ वासलेलं, मग नातेवाईक बघतात आणि आयुष्यभर त्यांना तेच तोंड आठवतं. हौसाबाई खारी खाता खाता गेलेली. म्हणजे तोंड उघडंच असणार. आत खारीचा तुकडा असणार भिजलेला. मला सगळ्यांची तोंडंच दिसायला लागली, सुदेश हसताना, शिगवण बोलताना, सूरज चमचा नेताना. उघडतंय, मिटतंय, उघडतंय. माझाच जबडा दुखायला लागला. दात आवळून बसलेलो, ते नंतर कळलं.

सगळे मला शिवायला कचरायचे, एक हौसाबाई सोडून. स्मशानातनं आलो की बायका म्हणायच्या, काका, लांबनं जा, आंघोळ करा आधी. मंदाकिनीसुद्धा मोरीत बादली ठेवून दार लोटून घ्यायची, तिची पण चूक नाही, तिलाही चार ठिकाणी ओटीला बोलवायचं बंद झालेलं माझ्यापायी. आणि हौसाबाई तळमजल्यावर उंबऱ्यात बसलेली असायची. बाई साताऱ्याकडची, मी कोकणातला, एकमेकांना चिडवण्यात जन्म गेला. "आलास का रं, कोकण्या? बस हितं." "अगं, आंघोळ राहिलीय." "ऱ्हाऊ दे. मेल्यालं माणूस काय चावतंय का? जिती चावत्यात." आणि चहा द्यायची, स्वतःच्या कपातला अर्धा बशीत ओतून. एकदा मला म्हणाली, "माझ्या येळंला लई आवळू नगंस हां. मला दम लागतो." मी म्हटलं, "तेव्हा कसला दम लागतोय, म्हातारे?" तर म्हणाली, "तुला काय ठावं? तू कवा मेलायस?" असं बोलणं होतं आमचं. मंदाकिनी अगरबत्तीच्या पॅकिंगला जायची तेव्हा संचिता शाळेतनं सुटली की तिथंच. तिच्या डोक्याला तेल, तिच्या ताटात भाकरी, झोप तिच्या मांडीवर. पोरगी दुसरीत असताना घरी येऊन आईला "व्हय" म्हणायची, तर मंदाकिनी चिडायची, घाटी करून ठेवली म्हातारीनं पोर. आणि आता ती पोर आत ओट्याशी उभी होती, साडीला पिना लावलेल्या, कपबश्या मोजत, पायाखालच्या मजल्याखाली काय आहे ते तिला माहीत नव्हतं.

खालनं टीव्हीचा आवाज अजून मोठा झाला. मग एकदम काहीतरी हुंदका आल्यासारखं, आणि तोंडावर हात दाबल्यासारखं, आणि परत साबण. शिगवणबाईंनी कान दिला.

"लहान मूल आहे वाटतं खाली?"

"हो, हो," सुदेश म्हणाला. "नातू आलाय कुणाचा."

हा सुदेश खोटं बोलताना नाकाचा शेंडा खाजवतो. आज तो खाजवून खाजवून लाल केलेला.

शिगवण माणूस बरा होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांनी बशी खाली ठेवली, रुमालानं मिशा पुसल्या आणि मला विचारलं, "सुदेशराव सांगत होते तुम्ही समाजकार्य करता. म्हणजे नेमकं काय करता?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याआधी मंदाकिनी बोलली, "रक्तदान शिबिर असतं ना, ते. आणि... झाडं."

"झाडं," सुदेश म्हणाला. "वृक्षारोपण."

"अरे वा," शिगवण म्हणाले. "पाहिजेत हो अशी माणसं. आमच्या टॉवरला विचाराल तर कोण कुणाचं नाही. गेल्या वर्षी आमचा मोठा भाऊ गेला आमच्या घरी. तर बांधायला माणूस मिळेना. खरंच सांगतो. खालीवर करून आलो, सगळे दाराआडनं सॉरी सॉरी. शेवटी फोन करून माणसं मागवली, ती आली हातमोजे घालून, सामान उचलतात तसा उचलला त्याला. माझा भाऊ. गावाला असता तर..."

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "अहो! पोरगी बघायला आलोय आपण. काय विषय काढता शुभ कामात? असली माणसं लागतात तेव्हा लागतात, म्हणून काय बैठकीत आठवायची?" आणि माझ्याकडं बघून हसल्या. "ह्यांचं असंच असतं हो. मनावर घेऊ नका."

संचिता ट्रे घेऊन आली तेव्हाच. हिरवी साडी, मान खाली, सहा कप. माझ्यासमोर आली आणि मी कप घ्यायला हात पुढं केला. हात तिथंच थांबला. वाफ येत होती. मी मनात म्हणत होतो, घे, गुणा, हा कप घे, पी, अर्धा तास बस, पोरीचं भलं होईल, म्हातारी मेलीय ती काय परत मरणार नाही. खरंच असं म्हणत होतो. तिसऱ्यांदा मोडलं तर ही पोरगी मला काही बोलणार नाही, हेच सगळ्यात वाईट, ती दुसऱ्या दिवशी डबा भरून माजिवड्याला जाईल आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी केळी आणेल. मंदाकिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत एवढी विनवणी मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती. आणि खालनं आता काहीच आवाज येत नव्हता. टीव्हीपण नाही. जाहिरात संपलेली असणार, दुसरी लागायच्या आधी असतं तेवढंच, पण त्या तेवढ्यात सगळी बिल्डिंग श्वास धरून बसल्याचं मला ऐकू आलं.

"ते मी करतो," मी शिगवणांना म्हटलं.

"काय?"

"बांधायचं काम. झाडंबिडं काही नाही. तिरडी बांधतो मी. सगळ्यांच्या."

सुदेश म्हणाला, "काका गंमत करतात." आणि नाक खाजवलं.

"खाली एक म्हातारी मरून पडलीय," मी म्हटलं. "तुम्ही तिच्या दारावरनंच वर आलात. तुम्हाला कळू नये म्हणून कुणी रडलं नाही. तिचं तोंड उघडं आहे. मी जातो, तुमचा चहा होऊदे."

शिगवणबाईंनी कप ट्रेमध्ये परत ठेवला. बशीवर वाजला. सूरजनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. शिगवण अर्धवट उठल्यासारखे झाले आणि तसेच राहिले, बसावं की उभं राहावं कळेना त्यांना. पण मी बघत होतो संचिताकडं. ट्रे तिच्या हातात.

"कोण?" ती म्हणाली.

खाली एकच म्हातारी होती.

"कधी?"

"सकाळी."

"सकाळी," ती म्हणाली. मग आईकडं बघितलं, मग त्या कपांकडं. "आणि मी चहा करत होते?"

मी निघालो. हो, पोरीला तशी सोडून निघालो, तिथं थांबलो असतो तर परत बसलो असतो, माझा मला भरवसा नव्हता. जिन्यात मागनं सुदेशची पावलं. "काका, नाक कापलंत माझं! काय मिळालं? सांगा, काय मिळालं? एवढ्या लोकांनी तुमच्यासाठी..." मी म्हटलं, "माहितीय रे. गप." दार वाजवलं. सुदेशच्याच बायकोनं फटीतनं बघितलं. "गेले?" तिनं विचारलं.

आत मी अशी खोली कधी बघितली नाही, आणि मयताच्या खोल्या मी कमी बघितलेल्या नाहीत. मोरीपाशी चपलांचा ढीग. बायका भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबलेले, एकीनं दुसरीच्या तोंडावर हात धरलेला. ऐश्वर्याची आई, जी मला बघून जिन्यात मागं फिरायची, तिनं आपली मनगटं चावलेली, दातांचे वळ दिसत होते. टीव्हीवर कुणीतरी नाचत होतं. हौसाबाई खाटेवरच, भिंतीला टेकलेली, भुईवर घ्यायलासुद्धा कुणी हात लावला नव्हता. सगळे माझी वाट बघत थांबलेले. आणि उत्तम तिच्या पायाशी बसलेला, तोंडात रुमालाचा बोळा, चेहरा सुजून जांभळा झालेला. त्यानं बोळा काढला.

"गेले पाहुणे, काका?"

"नाही रे. वरच आहेत."

"मग तुम्ही कसे आलात? संचीचं..."

"तू रड आता," मी म्हटलं. "सांगितलंय मी त्यांना. रड."

तेवढ्यात सुदेश आत घुसला. हात जोडून, सगळ्यांसमोर. "पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं. मी बघतो, मुलाचे वडील चांगले आहेत, अजून सांभाळून घेता येईल. प्लीज कोण आवाज करू नका." आणि काय सांगू, सगळ्या बायकांनी पदर परत तोंडात घेतले. उत्तमनं माझ्याकडं बघितलं, सुदेशकडं बघितलं, आणि तो बोळा उचलून परत तोंडात घातला. माझ्या पोरीसाठी. मी जाऊन टीव्ही बंद केला, एवढंच सुचलं.

आणि मग आवाज आला. वरनं. जिन्यातनं. माझ्या घरातनं, पाहुणे बसलेत त्या खोलीतनं, कपबश्या फुटल्याचा आणि त्याच्या मागोमाग, "आज्जे! आज्जे गंऽऽ! मला का न्हाय सांगितलं गंऽऽ!" साताऱ्याकडचं हेल काढून रडणं, आमच्या कोकणात कुणी असं रडत नाही. ते जिन्यातनं खाली येत होतं, मजल्यामजल्यावर आपटत. सुदेशनं छताकडं बघितलं आणि त्याचे जोडलेले हात सुटले. ऐश्वर्याच्या आईनं पदर सोडला. मग दुसरीनं. मग एकदम सगळ्याच.

उत्तमचा बोळा गळून पडला. तो आधी नुसता तोंड उघडून बसला, आवाज निघेना, एवढा वेळ दाबून धरलेला, वाटच विसरलेला. मी खाटेवर चढून हौसाबाईच्या मागं बसलो, तिचं डोकं छातीशी घेतलं, बोटानं तिच्या तोंडातनं खारी काढली. जबडा ताठ झालेला. घाई केली तर काहीतरी मोडतं, चोळत चोळत आणावा लागतो. मी हनुवटीखाली हात ठेवला आणि हळूहळू वर घ्यायला लागलो. ते बघून उत्तम पुढं सरकला, मदत करायला आलेला.

"सोड," मी म्हटलं. "तू रड. मी धरलंय."